खटका, कार्ड आणि खोटी तारीख : खिशातल्या डिजिटल कॅमेऱ्याचा इतिहास

१/२४
अनेक घरांतील कपाटाच्या तळाशी, जुन्या चार्जरांच्या गुंत्यात, एक चपटा चंदेरी कॅमेरा पडून असतो. साधारण २००० ते २०१२ या काळात तो लग्नात, बारशात, सहलीत हातोहात फिरला आणि मोबाइल आल्यावर विस्मरणात गेला. आता तरुण मंडळी तोच कॅमेरा पुन्हा बाहेर काढू लागली आहेत. या छोट्या यंत्राचा उगम, त्याच्या वापरातील आनंद आणि त्याच्या पोटात अडकून राहिलेला दस्तऐवज यांविषयीचा हा धागा. #थ्रेड #इतिहास

२/२४
कथेचा आरंभ अमेरिकेतील रॉचेस्टर येथे होतो. ईस्टमन कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने डिसेंबर १९७५ मध्ये उचलून नेता येईल असा डिजिटल कॅमेरा चालवून दाखविला. वजन सुमारे ३.६ किलो. चित्र १०० गुणिले १०० बिंदूंचे, म्हणजे अवघे १०,००० पिक्सेल आणि तेही कृष्णधवल. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत आणि ते पाहण्यासाठी दूरचित्रवाणी संच जोडावा लागे.

३/२४
त्या फितीवर ३० चित्रांची मर्यादा सॅसन यांनी विचारपूर्वक ठेवली होती. फिल्मच्या रोलमध्ये २४ किंवा ३६ चित्रे निघत. ३० हा आकडा त्या दोहोंच्या मधला, लोकांना ओळखीचा वाटावा असा. नवे तंत्र जुन्या सवयी अंगावर घेऊनच जन्मते, याचे हे लहानसे उदाहरण. १९७८ मध्ये या यंत्राचे पेटंट मिळाले. परंतु फिल्म, रसायने आणि छपाईचा कागद यांवर उभ्या असलेल्या कंपनीने ते यंत्र त्या रूपात बाजारात आणले नाही.

४/२४
येथे एक लोकप्रिय समज दुरुस्त करावयास हवा. 'कोडॅकने डिजिटल कॅमेरा दडपला आणि म्हणून ती बुडाली' एवढे साधे हे प्रकरण नाही. पुढे कोडॅकने स्वतः घरगुती डिजिटल कॅमेरे काढले आणि ते चांगले खपलेही. अडचण वेगळी होती. फिल्मचा रोल पुनःपुन्हा विकत घ्यावा लागे, मेमरी कार्ड मात्र एकदाच. नफ्याची मूळ विहीरच आटली. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याचे संरक्षण मागितले.

५/२४
या कॅमेऱ्याचा डोळा म्हणजे सीसीडी नावाची चकती. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी तिची कल्पना मांडली; २००९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात दोघांनाही वाटा मिळाला. प्रकाश पडला की चकतीवरील प्रत्येक घरात विद्युतभार साठतो. मग आग विझविताना रांगेतील माणसांनी घागरी हातोहात पुढे द्याव्यात, तसा तो भार घराघरातून सरकत कडेला येतो आणि तेथे मोजला जातो.

६/२४
ही चकती स्वतः रंगांध असते. तिला फक्त उजेड किती, एवढेच कळते. कोडॅकमधीलच ब्राइस बायर यांनी १९७६ मध्ये पेटंट घेतलेल्या युक्तीने हा प्रश्न सुटला. घरांवर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची बारीक जाळी बसवायची; त्यात निम्म्या हिरव्या, कारण मानवी डोळा हिरव्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असतो. उरलेले रंग शेजारच्या घरांवरून गणिताने काढायचे. आजच्या बहुतेक मोबाइलच्या कॅमेऱ्यांतही याच जाळीची वंशावळ चालू आहे.

७/२४
१९८१ मध्ये सोनीने 'मॅव्हिका' दाखविला. त्याला अनेकदा पहिला डिजिटल कॅमेरा म्हटले जाते. ते अचूक नाही. त्यात दूरचित्रवाणीसारखा अ‍ॅनालॉग संकेत एका छोट्या चुंबकीय तबकडीवर साठत असे. १९८८ मध्ये फुजीने मेमरी कार्डावर अंकरूपात चित्र साठविणारा नमुना सादर केला. १९९४ मध्ये अ‍ॅपलच्या नावाने 'क्विकटेक १००' आला. पूर्ण आकाराची, म्हणजे ६४० गुणिले ४८० बिंदूंची, केवळ ८ चित्रे त्यात मावत.

८/२४
खरे वळण आले १९९५ मध्ये, कॅसिओच्या 'क्यूव्ही-१०' या कॅमेऱ्याने. चित्राचा दर्जा सामान्यच, ३२० गुणिले २४० बिंदूंचा. परंतु पाठीवर १.८ इंचाचा रंगीत पडदा होता. काढलेले चित्र तेथेच, त्याच क्षणी पाहता येऊ लागले. कॅमेऱ्याच्या इतिहासात पिक्सेलांच्या वाढीपेक्षा या पडद्याचे महत्त्व अधिक मानावे लागेल, कारण त्याने यंत्र नव्हे, तर माणसांचे वागणे बदलले.

९/२४
रोलच्या काळात चित्र काढणे आणि ते पाहणे यांत दिवस, कधी महिने जात. रोल संपायचा, स्टुडिओत धुवायला जायचा, पाकीट घरी यायचे. मिटलेले डोळे, हललेला हात, कापलेले डोके असे सारे निगेटिव्हवर कायम राही. पाठीच्या पडद्याने दोन नव्या प्रथा रूढ केल्या. एक, खटका दाबताच सर्वांनी कॅमेऱ्याभोवती गोळा होऊन 'बघू, बघू' म्हणणे. दुसरी, न आवडलेले चित्र तेथल्या तेथे पुसून टाकणे.

१०/२४
या यंत्रांना एकमेकांची भाषा कळावी म्हणून दरम्यान काही मानके घडली. जेपीईजी हे चित्र आटोपशीर करण्याचे मानक १९९२ चे. चित्राच्या पोटातच तारीख, वेळ, कॅमेऱ्याचे नाव आणि उघडझापेचा अवधी नोंदविणारे 'एक्झिफ' १९९५ चे. फाइल आणि फोल्डरांची नावे कशी असावीत हे ठरविणारे 'डीसीएफ' १९९८ चे, तर एसडी कार्ड १९९९ चे. इतिहासाच्या अभ्यासकाला यांतील एक्झिफ आणि डीसीएफ ही दोन नावे ध्यानात ठेवावी लागतील.

११/२४
मोबाइलमध्येही दिसणारे 'डीसीआयएम' हे फोल्डर याच मानकाचा वारसा. डीसीएफच्या नियमानुसार फोल्डरचे नाव १०० ते ९९९ यांपैकी एका आकड्याने सुरू होते. फाइलच्या नावात आधी चार अक्षरे आणि मग ०००१ ते ९९९९ हा क्रमांक. त्या चार अक्षरांवरून कुळ ओळखता येते : 'डीएससीएन' दिसले तर निकॉन, 'डीएससीएफ' दिसले तर फुजी. हस्तलिखिताच्या वळणावरून लेखनिक ओळखावा, तसेच हे.

१२/२४
२००० मध्ये कॅननने २ मेगापिक्सेलचा, धातूच्या कवचाचा, मुठीत मावणारा 'डिजिटल इक्सस' आणला आणि खिशातल्या कॅमेऱ्याचा साचा जणू ठरून गेला. पुढील दशक मेगापिक्सेलांच्या स्पर्धेचे. जपानमधील कॅमेरा उत्पादकांची संघटना 'सिपा' हिच्या आकडेवारीनुसार २०१० या एका वर्षात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. त्यांतील बहुसंख्य असेच छोटे, न बदलता येणाऱ्या भिंगाचे होते.

१३/२४
त्या स्पर्धेत ग्राहकाला न सांगितलेली गोष्ट म्हणजे चकतीचा आकार. पेटीवर '१/२.५ इंच' असे छापलेले असे. प्रत्यक्षात चकती जेमतेम ५.८ गुणिले ४.३ मिलिमीटरची. हे 'इंच' दूरचित्रवाणीच्या जुन्या चित्रनलिकांच्या बाहेरील व्यासावरून आले. नलिका गेल्या, माप राहिले. ३५ मिमी फिल्मची चौकट क्षेत्रफळाने या चकतीच्या सुमारे ३५ पट मोठी. तेवढ्याच जागेत अधिक पिक्सेल कोंबल्याने अंधुक उजेडात चित्रावर रवा उठे.

१४/२४
महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत हा कॅमेरा बऱ्याचदा परदेशातून सुट्टीला आलेल्या नातलगाच्या बॅगेतून आला. रोलच्या काळात '३६ मध्ये लग्न बसवायचे' हा हिशेब असे; त्यामुळे खटका बहुधा घरातील एकाच जाणत्या हाती. डिजिटल कॅमेऱ्याने ही काटकसर संपविली. मुलांच्या हाती कॅमेरा आला आणि स्वयंपाकघर, गॅलरीतील तुळस, दुपारी लवंडलेले आजोबा असे ज्यांच्यावर कुणी रोल खर्चिला नसता ते सारे चित्रात आले.

१५/२४
उतार मात्र शिखराच्या आतच दडलेला होता. नोव्हेंबर २००० मध्येच जपानमध्ये शार्पचा कॅमेरायुक्त मोबाइल विक्रीस आला होता. त्याचे चित्र सुमारे १,१०,००० पिक्सेलांचे. चित्र फार साधे, पण ते लगेच पाठविता येई. दशकभरात हीच सोय निर्णायक ठरली. सिपाच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये सर्व प्रकारच्या डिजिटल कॅमेऱ्यांची मिळून संख्या ८० लाखांच्या आत आली. २०१० च्या तुलनेत १५ भागांतील एकच भाग उरला.

१६/२४
आणि तरीही २०२४ मध्ये छोट्या कॅमेऱ्यांची संख्या किंचित का होईना, पुन्हा वाढली. जुन्या कॅमेऱ्यांच्या बाजारातही मागणी वाढली. या आवडीचे कारण म्हणून 'सीसीडीचे रंग' हा मंत्र सतत जपला जातो. तो पुरता खरा नाही. रंग ठरतात ते रंगीत गाळण्यांमुळे, पांढऱ्या रंगाच्या अंदाजामुळे आणि कंपनीने चित्रावर चालविलेल्या गणितामुळे. चकती सीसीडी आहे की नंतरची सीमॉस, याचा त्यातील वाटा मर्यादित आहे.

१७/२४
मग आनंद नेमका कशात? पहिली गोष्ट झोताची. जुन्या कॅमेऱ्यात झेनॉन वायूची नळी असते. सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात ती सारा प्रकाश ओतते. त्यामुळे नाचणाऱ्याचा पाय हवेतच थांबतो, चेहरे उजळ आणि मागचा मांडव काळोखा दिसतो. मोबाइलचा एलईडी दिवा सहसा हे करू शकत नाही. त्या दशकातील घरगुती समारंभांची जी प्रतिमा मनात घर करून आहे, ती बरीचशी या समोरून पडणाऱ्या झोताने घडविलेली आहे.

१८/२४
दुसरी गोष्ट क्षणाची. आजचा मोबाइल बहुधा एका खटक्यामागे अनेक चित्रे टिपतो, ती एकमेकांवर बसवितो, सावल्या उजळतो, आकाश सावरतो. परिणाम सुबक असतो. परंतु ते चित्र एका क्षणाचे राहत नाही. जुना कॅमेरा एकदाच डोळा उघडतो आणि मिटतो. आकाश पांढरे पडले तर पडले, सावली काळी झाली तर झाली. पुरावा म्हणून पाहता ही असमर्थता हाच त्याचा प्रामाणिकपणा.

१९/२४
तिसरी गोष्ट संयमाची. खटका अर्धा दाबायचा, हिरवी चौकट येण्याची वाट पाहायची, मगच पूर्ण दाबायचा. हसू येऊन जाण्याआधीचा तो विलंब ओळखून थोडे आधी दाबण्याचे कसब सरावाने येते. आयएसओ ८० किंवा १०० वर ठेवावा आणि सकाळ-संध्याकाळचा तिरपा उजेड निवडावा. भर उन्हात उजेडाची मात्रा एका पायरीने कमी करावी, म्हणजे पांढरे कपडे फटफटीत होत नाहीत. संदेश येत नाहीत, की कुठे काही पाठविण्याची घाई नाही. हात आणि डोळे एकाच कामात गुंततात.

२०/२४
कपाटातला कॅमेरा सुरू करण्यापूर्वी थोडी दक्षता हवी. बॅटरी फुगली असल्यास ती वापरू नये. पेन्सिल सेलवर चालणारे कॅमेरे आज अधिक सोयीचे. २००६ मध्ये एसडीएचसी कार्डे आली. त्यापूर्वीचे बहुतेक कॅमेरे २ जीबीहून मोठे कार्ड ओळखत नाहीत. एक्सडी कार्ड आणि जुनी मेमरी स्टिक यांचे वाचक आता सहज सापडत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आत जुने कार्ड असेल, तर आधी त्यावरील चित्रांची प्रत करावी. 'फॉरमॅट' नंतर.

२१/२४
येथून इतिहासाच्या अभ्यासकाचे काम सुरू होते. बॅटरी दीर्घकाळ उतरलेली राहिली की कॅमेऱ्यातील घड्याळ थांबते आणि पुन्हा सुरू करताना ते कारखान्याने ठरविलेल्या तारखेवर, बहुधा एखाद्या वर्षाच्या १ जानेवारीवर जाते. घाईत कोणी ती तारीख बदलत नाही. पुढची सारी चित्रे खोट्या तारखेने नोंदली जातात. कोपऱ्यात छापलेले नारिंगी आकडे आणि एक्झिफमधील नोंद दोन्ही एकाच घड्याळातून येतात. म्हणून एकाने दुसऱ्याला दिलेली साक्ष निरुपयोगी.

२२/२४
समजा, मुंबईतील एका गल्लीत कंबरभर पाणी आहे आणि चित्रावर '१ जानेवारी २००४' अशी तारीख आहे. जानेवारीत मुंबईत असा पूर येत नाही, म्हणजे घड्याळ खोटे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला; चित्र त्या दिवसाचे असू शकेल, पण तेवढ्यावर निष्कर्ष काढता येत नाही. शेजारच्या क्रमांकांची चित्रे, दुकानाची पाटी, भिंतीवरील कालनिर्णयाचे पान अशी अंतर्गत साक्ष जुळवावी लागते. शिलालेखाचा शक तपासताना यापेक्षा निराळे काही केले जात नाही.

२३/२४
वेळेचेही तसेच. एक्झिफमध्ये वेळेचा देशविभाग नोंदविण्याची सोय २०१६ च्या आवृत्तीत आली. न्यूयॉर्कच्या वेळेवर लावलेला कॅमेरा संक्रांतीला पुण्यात आला, तर सायंकाळी ६ चे हळदीकुंकू फाइलमध्ये सकाळी ७:३० ला होते. क्रमांकांतील खंडही बोलका असतो : ०४१२ नंतर थेट ०४१५ असेल, तर मधली दोन चित्रे बहुधा कोणी पुसली. कोणती आणि का, हे आता कळणार नाही. निगेटिव्हमध्ये फसलेले चित्रही उरत असे. येथे फक्त त्याची रिकामी जागा उरते.

२४/२४
कागदी अल्बम संपले आणि चित्रे आपोआप दूरच्या सर्व्हरवर जाऊ लागली, या दोहोंमधली सुमारे १२ वर्षे याच कार्डांवर आणि स्टुडिओतून लिहून आणलेल्या सीडींवर आहेत. सीडीचा थर खराब होतो, कार्ड मूक होते, आणि चित्रातील माणसांची नावे सांगणारी वडीलधारी माणसेही एकेक करून जातात. म्हणून जुन्या कॅमेऱ्याने नवी चित्रे आनंदाने काढावीत; पण त्याआधी घड्याळ लावावे, जुनी चित्रे दोन ठिकाणी उतरवावीत, फाइलींची मूळ नावे बदलू नयेत, आणि आजीला शेजारी बसवून कोण कोण आहे ते वहीत लिहून घ्यावे. कॅमेऱ्याची तारीख खोटी निघाली, तरी खरी सांगणारे माणूस अद्याप घरात आहे.